लग्न ठरलं म्हणून आधीचं प्रेम खोटं ठरत नाही

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं आली, आणि सगळी आपल्याच जिल्ह्यातली. एकाच माणसाला बाईचीही ओढ वाटते आणि पुरुषाचीही, असं असतं का, आणि असलं तर जगायचं कसं, हा त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न. म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच देते आहे. पत्रलेखकांची कामं आणि ठिकाणं ओळख पटणार नाही इतपत बदलली आहेत.

ताई, मी २९ वर्षांची आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, राहायला मंगळवार पेठेत. विद्यापीठात एम.कॉम. करताना हॉस्टेलवरच्या एका मुलीच्या प्रेमात पडले. मैत्रीबित्री नव्हे, प्रेमच. पाच वर्षं आम्ही एकमेकींच्या होतो. घरी कुणाला संशयही आला नाही, कारण दोन मुली एका स्कूटीवर रंकाळ्याला गेल्या किंवा एका खोलीत झोपल्या तर कुणी काही विचारत नाही. तिला पुण्यात नोकरी लागली, भांडणं वाढत गेली आणि संपलं. मी आठवडाभर अंथरुणात होते. घरी ॲसिडिटी सांगितली.

गेल्या वर्षी आत्यानं स्थळ आणलं. नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते, पण तो मला आवडला. उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप आहे. कमी बोलतो, पण बोललेलं पाळतो. आता मी मनापासून त्याच्या प्रेमात आहे, कुणाचीही जबरदस्ती नाही. सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली आहे.

माझं सगळं माहीत असलेली मावसबहीण म्हणाली, "ते वय असतं तसं. बरी झालीस बघ." पुण्यातल्या ज्या ग्रुपमध्ये मी मोकळी बोलायचे, तिथं लग्नाचं सांगितलं तर एकजण म्हणाली, "शेवटी सोपा रस्ता धरलास. तू आमच्यातली नव्हतीसच." आता रात्र रात्र झोप नाही. आधीचं खोटं होतं की आत्ताचं खोटं आहे? मी नक्की कोण? आणि त्याला सांगायचं का?
— एम., कोल्हापूर

एम., तारीख जवळ आली आहे, तेव्हा शेवटच्या प्रश्नाची तुला सगळ्यात घाई असणार. पण त्याला काही सांगायचं तर आधी तुझं तुला पक्कं ठाऊक हवं. म्हणून पहिल्यापासून घेते.

आधीचं खरं होतं. आत्ताचंही खरं आहे.

एखादा मुलगा कॉलेजात एका मुलीवर जीव लावतो, ते फिसकटतं, पुढं त्याचं दुसरीशी लग्न होतं. त्यातलं कुठलं खोटं, असं त्याला कुणी विचारतं का? तुला विचारतात ते केवळ आधी ती होती आणि आता तो आहे म्हणून. एवढ्या फरकावर पाच वर्षांचं प्रेम रद्द करायचा अधिकार तुझ्या मावसबहिणीला नाही, आणि आत्ताचं रद्द करायचा अधिकार त्या ग्रुपलाही नाही.

एकापेक्षा अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल ज्यांना प्रेम किंवा शरीराची ओढ वाटू शकते, ते उभयलैंगिक, बायसेक्शुअल. ही ओढ दोन्हीकडं सारख्याच मापानं असावी लागत नाही आणि एकाच वेळी असावी लागत नाही. आयुष्यभरात कुणाला अनेक पुरुष आवडले आणि बाई एकच, तरी तीही उभयलैंगिक असू शकते. तू कोण आहेस, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. ते नाव लावायचं की नाही, हे तू ठरव. नाव न लावताही माणूस पूर्ण असतो.

मी स्वतः उभयलैंगिक आहे. वय एकसष्ट, मुलं आपापल्या मार्गी लागली, नवरा रोज सकाळी माझ्याआधी उठून चहा टाकतो. त्याच्यावर माझं प्रेम आहे. लग्नाआधी राजारामपुरीतल्या एका मुलीवर होतं, तेही तेवढंच होतं. मंगळसूत्र गळ्यात पडलं त्या दिवशी माझ्या आतलं काही पुसलं गेलं नाही. मी संसार कुणाशी करते हे गल्लीला दिसतं. मला ओढ कुणाची वाटू शकते हे त्यावरून गल्लीला कळत नाही, आणि कळतं असं समजून लोक आपल्याबद्दल निकाल देऊन मोकळे होतात. बाईबरोबर दिसलीस की समलिंगी, पुरुषाबरोबर दिसलीस की "बरी झाली".

माणसांचे दोनच कप्पे असतात ही समजूत तपासून बघणारे लोक होऊन गेलेत. अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी या प्राणिशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत हजारो माणसांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. पुरुषांविषयीचा अहवाल १९४८ साली आला, स्त्रियांविषयीचा १९५३ साली. त्यांनी ० ते ६ अशी पट्टी मांडली. ० म्हणजे फक्त भिन्नलिंगी, ६ म्हणजे फक्त समलिंगी, आणि मधल्या आकड्यांवर किती तरी माणसं. पुढं फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांना एवढी एकच पट्टी अपुरी वाटली. त्यांनी सात गोष्टी वेगळ्या काढल्या. शरीराची ओढ कुणाची, संबंध कुणाशी, कल्पनेत कोण येतं, जीव कुणावर जडतो, उठबस कुणात, जगण्याची रीत कुठली आणि स्वतःला काय म्हणवून घेता. प्रत्येकीला तीन रकाने दिले: पूर्वी, सध्या, आणि मनाला हवं तसं. वही घेऊन हा तक्ता भर. "पूर्वी"मध्ये एक उत्तर येईल, "सध्या"मध्ये कदाचित दुसरं. दोन्ही रकाने तूच भरलेले असतील, आणि मला तुझ्याकडून तेच हवं आहे.

"ते वय असतं तसं" या वाक्याचाही अभ्यास झालेला आहे. लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी समलिंगी, उभयलैंगिक आणि कुठलंच नाव न लावणाऱ्या अशा ७९ स्त्रियांशी दहा वर्षांत पुन्हा पुन्हा बोलून २००८ साली निष्कर्ष मांडले. उभयलैंगिकता ही मधली पायरी असती, तर दहा वर्षांत बहुतेकजणी ती सोडून इकडं किंवा तिकडं गेलेल्या दिसायला हव्या होत्या. तसं झालं नाही. उभयलैंगिक किंवा बिननावाची ओळख सोडणाऱ्यांपेक्षा ती नव्यानं घेणाऱ्या जास्त निघाल्या. बहिणीला हे जरूर सांग.

त्या ग्रुपमधल्या मुलीचं बोलणं मात्र मला जास्त लागलं, कारण तिथं तू आधाराला गेली होतीस. तिच्या बोलण्यामागचं दुःख मला कळतं. तुझ्या लग्नाला हॉल मिळेल, मामा-मामी येतील, नवऱ्याच्या रेशनकार्डावर नाव चढेल. तिनं जिच्यावर प्रेम केलं तिच्याशी तिला यातलं काहीच सहज मिळणार नाही. हा फरक खरा आहे, तू तो मोकळ्या मनानं मान्य कर. पण त्यावरून तू त्यांच्यातली नव्हतीस असं होत नाही. १९७० साली समलिंगी आणि उभयलैंगिक माणसांचा न्यूयॉर्कमधला पहिला मोर्चा, म्हणजे प्राइड मोर्चा निघाला, त्याच्या आखणीत ब्रेंडा हॉवर्ड ही उभयलैंगिक बाई होती. १९९८ साली मायकेल पेज यांनी उभयलैंगिकांचा वेगळा झेंडा केला, गुलाबी, निळा आणि दोन्ही जिथं मिसळतात तिथं जांभळा. १९९९ पासून दरवर्षी २३ सप्टेंबरला आपला दिवस असतो. वेगळा झेंडा आणि वेगळा दिवस लागला, कारण मोर्चात पहिल्यापासून असूनही आपण कुणाच्या नजरेत भरत नव्हतो.

आता त्याला सांगण्याविषयी. सांगावंस असं माझं ठाम मत आहे. मुलाला आधी कुणी मैत्रीण होती का, हे तू विचारलंच असशील. तुझंही तसंच सांगायचं, एक प्रेम होतं, ते संपलं, ते एका मुलीवर होतं. मान खाली घालून, माफी मागत सांगू नकोस. माफी मागण्यासारखं त्यात काही घडलेलं नाही.

हॉलचे आणि आचाऱ्याचे पैसे देण्याआधी सांग, म्हणजे दोघांपैकी कुणालाही मागं फिरायचं झालं तर फिरता येईल. समोर बसून सांग, आणि दिवसाउजेडी. रंकाळ्यावर संध्याकाळी मुळीच नको, पाच मिनिटांत कुणाचा तरी चुलता भेटतो. रविवारी सकाळी कात्यायनीच्या देवळाच्या बाजूला जा. व्हॉट्सॲपवर एक अक्षरही लिहू नकोस. रागाच्या भरात काढलेला स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. आणि त्या मुलीचं नाव, कंपनी, फोटो काही सांगायचं नाही. तिची गोष्ट सांगायचा हक्क फक्त तिचा आहे. त्या दिवशी कुठं आहेस हे विश्वासातल्या एका माणसाला माहीत असू दे.

तो बहुधा विचारेल, "तुला बायकाही आवडतात, मग माझ्या एकट्यावर तुझं भागेल का?" लोकांचा हा सगळ्यात जुना गैरसमज. ज्या पुरुषाला फक्त बायका आवडतात, त्यालाही लग्नानंतर जगातल्या बाकी सगळ्या बायका दिसतच असतात. तरी तो एकीचा होऊन राहायचं ठरवतो. तूही एकाची होऊन राहायचं ठरवते आहेस. निष्ठा हा दिलेला शब्द पाळण्याचा भाग आहे, आणि शब्द पाळणं किंवा मोडणं हे सगळ्या प्रकारच्या माणसांत सारखंच आढळतं.

ऐकून तो गप्प बसला तर घाबरू नकोस, त्याला आठवडाभर वेळ दे. हसून "मग आपण तिलाही बोलावू" असलं काही बोलला, तर तिथंच थांबव. तुझ्या प्रेमाची त्यानं स्वतःची करमणूक केली, हे त्याला स्पष्ट सांग आणि त्यावर तो काय करतो ते बघ. आणि शिव्या दिल्या, घरी सांगेन म्हणून धमकावलं, तर सांगण्याचं काम झालं असं समज. जे लग्नानंतर कळलं असतं ते आधी कळलं. पोलिसांची भीती कुणी घालू शकत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीनं झालेले संबंध बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. उलट, असल्या गोष्टीवरून धमकावून पैसे मागणं हा गुन्हा आहे.

माझ्या नवऱ्यानं तेव्हा ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी विचारल्या. ती आता सुखात आहे का? आणि माझ्याशी पटेनासं झालं तर आधी मलाच सांगशील ना? या दोन प्रश्नांवर मी लग्नाला होकार दिला.

ताई नमस्कार, मी २० वर्षांचा, शिवाजी पेठेत राहतो. लहानपणापासून तालमीत मेहनत करतो, आता मॅटवर पण सराव आहे. कॉलेजातली एक मुलगी मला लय आवडते. पण तालमीतल्या माझ्या जोडीच्या पोराबद्दल पण मनात तसंच येतं. लढताना नाही. नंतर, तो घरी गेल्यावर. वस्ताद म्हणतात, लंगोटाचा पक्का असेल त्याच्या मनात असलं येत नाही. मोबाईल बंद ठेवला, पहाटे जास्तीचे जोर मारले, गेलं नाही. इंटरनेटवर एकजण औषधानं जातं म्हणतो. आमच्यातली पोरं असल्याला जोगत्या म्हणून चिडवतात. मी तसला हाय काय? दोन्हीतलं खरं कुठलं?
— एक पैलवान

पैलवान, दोन्ही खरं असू शकतं. विशीत कुणावर जीव जडतोय हे नुसतं बघत राहिलास तरी चालतं, आजच निकाल लावायची गरज नाही. ती मुलगी आवडते म्हणजे तो आवडत नाही, किंवा तो आवडतो म्हणजे मुलगी आवडण्याचं नाटक आहे, असा हिशोब मनाला लागू होत नाही.

वस्तादांचा मान ठेवूनच सांगते. ब्रह्मचर्य ही तालमीची शिस्त आहे. ताकद राखायची, झोप राखायची, खुराक अंगी लागू द्यायचा, लक्ष आखाड्यावर ठेवायचं. ती शिस्त तू काय करतोस यावर चालते, आणि तू ती पाळतोयस. मनाला कुणाची ओढ वाटते त्यावर जोर-बैठकांचा काही इलाज नाही. ज्यांना फक्त मुलीच आवडतात अशी तुझ्या तालमीतली पोरं हजार जोर मारल्यावर मुली आवडायच्या थांबतात का? मग तुझंच का थांबावं?

औषधाच्या नादाला लागू नकोस. असं औषध नाही, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. लैंगिक कल "बदलून देतो" म्हणून उपचार करणं हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. कुणी इंजेक्शन, शॉक, काढा, मंत्र काहीही देऊ केलं तरी पैसे देऊ नकोस. लाज वाटणारं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, म्हणून हा धंदा चालतो.

जोगते म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेली माणसं, त्यांचं वेगळं आहे. ओढ्यावरच्या यल्लम्माला जाणारा कोल्हापूरकर त्यांना बघतच मोठा होतो. त्यांच्यातल्या अनेकांचा प्रश्न "मी कोण, बाई की पुरुष की आणखी कुणी" असा असतो. तुझा प्रश्न "मला कोण आवडतं" असा आहे. तू स्वतःला पुरुष मानतोस, त्यात काही बदललेलं नाही. या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्यास की निम्मी भीती कमी होईल. आणि तो शब्द चिडवायला वापरणाऱ्या पोरांत तू सामील होऊ नकोस. ती देवीची माणसं आहेत, त्यांनी खूप सोसलंय.

तुझ्या जोडीदाराविषयी एवढंच सांगते. कुस्तीत आपण दुसऱ्याच्या अंगाला हात लावतो तो डावाच्या विश्वासावर. तो विश्वास मोडेल असं आखाड्यात काही करू नकोस, आणि तू करत नाहीस हे तुझ्या पत्रावरून दिसतंय. त्याला सांगावंसं वाटलं तर तालमीबाहेर, त्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवून. नाही सांगितलंस तरी त्यात भ्याडपणा नाही.

महोदया, आपल्या सदरात असले विषय यायला लागल्यापासून मासिक दिवाणखान्यात ठेवता येत नाही. हे पाश्चात्त्य खूळ शाहू महाराजांच्या नगरीत शोभत नाही. तरुण मुलांच्या डोक्यात नसलेलं तुम्ही घालता.
— एक ज्येष्ठ वाचक, ताराबाई पार्क

काका, वरचं पैलवानाचं पत्र पुन्हा एकदा वाचा. त्याच्या डोक्यात मी काय घातलं? तो आपल्या आपण तिथवर पोचला, आणि एकटा होता.

पाश्चात्त्य म्हणाल तर कलम ३७७ पाश्चात्त्य होतं. १८६० साली इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेतून ते आपल्याकडं आलं. आणि वाचकांच्या अशा प्रश्नांना मराठीत उघड उत्तरं द्यायची प्रथा मी सुरू केलेली नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवलं, स्वतःच्या पदरचे पैसे घालून. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, आणि त्यांनी पुढचे अंक काढले. मला त्या परंपरेचा अभिमान आहे.

शाहू महाराजांचं नाव आपण घेतलंत. १९१९ साली त्यांनी या संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना कायद्यानं मान्यता दिली, तेव्हाही शोभत नाही म्हणणारे होतेच. महाराज आज काय म्हणाले असते हे मी सांगणार नाही, तेवढं कृपया आपणही सांगू नका.

ताई, माझा मुलगा २५ वर्षांचा, पुण्यात कंपनीत आहे. गणपतीला आला होता. गौरी गेल्या त्या रात्री मी भांडी आवरत होते तेव्हा मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, मला मुलगी पण आवडू शकते आणि मुलगा पण, सध्या एक मुलगा आहे. मला काही सुचलं नाही. मी म्हटलं झोप जा, सकाळी बोलू. सकाळी तो गाडीला निघून गेला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मला एकच कळत नाही. नुसता समलिंगी असता तर म्हटलं असतं, त्याला इलाज नाही. पण मुली आवडतात ना? मग मुलगीच बघ की! चांगली मुलगी बघून लवकर उरकून टाकलं तर रुळेल का? म्हातारपणी त्याला कोण बघणार, या विचारानं जीव जातो.
— एक आई, गडहिंग्लज

ताई, तो भांड्यांपाशी येऊन तुम्हाला बोलला. वडिलांना नाही, भावाला नाही, तुम्हाला. आधी त्याला फोन करा. "त्या दिवशी मला काही सुचलं नाही, पण तू सांगितलंस ते बरं केलंस", एवढंच म्हणा. बाकी सगळं नंतर. परदेशात झालेल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे की उभयलैंगिक लोकांत चिंता आणि नैराश्य समलिंगी लोकांपेक्षाही जास्त आढळतं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. आईचा विश्वास आहे एवढं कळलं तरी मुलाच्या जिवाला किती आधार होतो, हे माझ्यासमोर येऊन बसलेल्या मुलांवरून मी सांगते.

आता "मुलगीच बघ की". तुमच्यासारखा विचार जवळजवळ प्रत्येक आई करते, आणि तो वाईट मनानं येत नाही. पण त्याला मुली आवडू शकतात म्हणजे तुम्ही दाखवाल ती आवडेल असं नाही. त्याचा जीव आज एका माणसावर जडलेला आहे. तो माणूस मुलगा आहे. तुमचा मुलगा यादीतून निवड करत नाहीये, तो प्रेमात आहे. उद्या ते मोडलं आणि पुढं एखादी मुलगी त्याच्या आयुष्यात आली, तर तो आपणहून घेऊन येईल, आणि तेव्हाही कृपा करून "सुधारला" म्हणू नका.

उरकून टाकायचं तर मनातच आणू नका. ज्या मुलीला आणाल तीही कुणाच्या तरी आईनं वाढवलेली असेल. नवऱ्याचं मन दुसरीकडं आहे आणि सासूला ते आधीपासून माहीत होतं, हे तिला कधी ना कधी कळतं. माझ्याकडं अशा बायका येतात. त्यांचा राग नवऱ्यापेक्षा सासूवर जास्त असतो, आणि मला तो रास्त वाटतो. वरच्या एम.चं पत्र तुम्ही वाचलंच असेल. तिचं लग्न तिच्या मनानं ठरलंय. तुम्ही म्हणताय ते लग्न तसं नाही.

म्हातारपणाची तुमची काळजी मात्र खरी आहे, आणि त्यावर गोड बोलून मी तुमची समजूत काढणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तो त्याच मुलाबरोबर राहिला, तर नवरा-बायकोला आपोआप मिळतात ते वारसा, पेन्शन यांचे हक्क त्यांना मिळत नाहीत. हा अन्याय आहे. पण काही गोष्टी आजही करता येतात. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. बँकेतला कारकून नाही म्हणाला तर ही तारीख त्याला सांगायची. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरावं, असं केंद्रानं त्याच सुमारास राज्यांना कळवलं आहे. स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र कुणाच्याही नावे करता येतं. मुलानं फ्लॅट घेतला तर त्याच वर्षी मृत्युपत्रही करायला सांगा.

आणि ताई, म्हातारपणी बघायला कोण, हे लग्न झालेल्या किती घरांत ठरलेलं आहे, हे तुमच्या गल्लीत बघून ठरवा. जो माणूस आजारपणात उशाशी बसेल तो घरात मोकळेपणानं येऊ-जाऊ शकला पाहिजे. ते तुमच्या हातात आहे.

ह्यांना सांगायचं का, हे मुलाला विचारा. तो नको म्हणाला तर त्याची वेळ येईपर्यंत थांबा, नणंदेला नाही, भटजीला नाही, कुणालाच नाही. तो पुण्यात समुपदेशकाकडं जाणार असेल तर फी भरण्याआधी फोनवरच विचारायला सांगा: "माझा कल बदलायचा प्रयत्न तुम्ही कराल का?" "बघू", "प्रयत्न करू" असं उत्तर आलं तर फोन ठेवायचा. लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणं आणि सांगितलेलं गुप्त राहणं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलेले हक्क आहेत. तुम्हालाही बोलायला कुणी लागेल, घरात सांगता येत नसताना तर नक्कीच. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.